चेहऱ्याला लावायचे ॲसिड : कोणी लावावे, कोणी लावू नये

'ॲसिड' म्हटले की आपल्या वस्तीतल्या बाईच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती संडास-मोरी धुण्याची बाटली. बूच उघडताच नाकाला झोंबणारा वास, हाताला लागले तर चट्टा, साडीवर पडले तर भोक. दुसरी आठवण त्याहून भयंकर. नकार दिला म्हणून मुलींच्या तोंडावर ॲसिड फेकल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या अत्याचाराला आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालण्याचे आदेश दिले. या शब्दाची अशी धास्ती घेतलेली आई जेव्हा कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या आरशापाशी 'ग्लायकोलिक ॲसिड' असे लिहिलेली बाटली पाहते, तेव्हा तिच्या काळजात धस्स होणे साहजिक आहे.

लेकीचे म्हणणे वेगळेच असते. "अगं आई, हे ते ॲसिड नव्हे. मोबाईलवर सगळ्या जणी लावून दाखवतात. याने चेहरा उजळतो."

आम्हाला विचाराल तर दोघींचेही थोडे खरे आहे आणि थोडे चुकीचे. आई समजते तितके हे विषारी नाही आणि लेक समजते तितके ते साधेही नाही. गेल्या काही वर्षांत या बाटल्या औषधाच्या दुकानात, ब्युटी पार्लरमध्ये आणि घरबसल्या पार्सलने सगळीकडे पोचल्या. साडेतीनशेपासून सहा-सातशे रुपयांपर्यंत किंमत. म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या एक-दोन दिवसांची कमाई. भगवान बुद्धांनी कालामांना पारखून घेण्याचा जो उपदेश केला, तो केवळ वर्षावासात विहारात बसून ऐकण्यासाठी नाही. मोबाईलवरच्या बाईलाही तोच नियम लावला पाहिजे. म्हणून या बाटलीत असते काय, ते आज पाहू.

करपलेले पातेले

आम्ल काही आपल्याला नवे नाही. चिंचेत आहे, दह्यात आहे, लिंबात आहे. चेहऱ्याच्या बाटलीत येणारी आम्ले मुख्यतः तीन. ग्लायकोलिक आम्ल उसातही सापडते, मात्र बाजारातले बहुतेक कारखान्यात तयार केलेले असते. लॅक्टिक आम्ल म्हणजे दूध आंबताना तयार होणारे, दह्याला आंबटपणा देणारे. आणि तिसरे सॅलिसिलिक आम्ल. त्याची मूळ ओळख विलो नावाच्या झाडाच्या सालीपासून झाली आणि ॲस्पिरिनची गोळी त्याचीच भावंड. याखेरीज मँडेलिक नावाचे एक आहे, कडू बदामापासून ओळखले गेलेले. त्याचे रेणू मोठे, त्यामुळे ते त्वचेत सावकाश शिरते व कमी झोंबते. डबीवर 'एएचए' लिहिले असेल तर ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या गटातले आणि 'बीएचए' लिहिले असेल तर बहुधा सॅलिसिलिक समजावे.

ही आम्ले करतात काय? आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी तयार होऊन वर सरकत येतात, वर येता येता मरतात, घट्ट होतात आणि शेवटी आपल्या नकळत झडून जातात. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढले की वेळ वाढतो. मेलेल्या पेशी एकमेकींना धरून राहिल्या, वेळेवर झडल्या नाहीत, की कातडी खरखरीत आणि निस्तेज दिसते. त्या तेलग्रंथीच्या तोंडाशी साचल्या की रंध्र बुजते, आत तेल तुंबते आणि मुरूम येतो.

भात करपलेले पातेले आपण दोन तऱ्हेने साफ करतो. एक तर तारेच्या घासणीने खरवडतो, नाहीतर पाणी घालून भिजत ठेवतो आणि मग करप आपोआप सुटते. चेहऱ्याला दाणेदार स्क्रब रगडणे ही पहिली तऱ्हा. आम्ल ही दुसरी. ते मेलेल्या पेशींमधली पकड सैल करते. पण कल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ फार वेळ ठेवला तर भांड्याचेच नुकसान होते, हेही आपल्या आज्यांना ठाऊक होते. इथेही तेच आहे. मेलेला थर संपला तरी आम्ल थांबत नाही, जिवंत कातडीला लागते.

अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी १९७४ साली या आम्लांबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. तो सौंदर्यासाठी नव्हता, हे ध्यानात घ्यावे. अंगावर माशाच्या खवल्यांसारखी कातडी साचण्याचा एक आजार असतो. त्या रुग्णांना ही आम्ले लावल्यावर खवले सुटू लागले. एका आजारावरचा हा इलाज पुढे सौंदर्याच्या बाजारात आला आणि मग त्याला 'ग्लो' हे नाव मिळाले.

काम कोणाचे कोणते

मुरूम, काळ्या टोकाच्या पुटकुळ्या, तेलकट नाक-कपाळ यांना सॅलिसिलिक आम्ल बरे. ते तेलात विरघळते, त्यामुळे तुंबलेल्या रंध्राच्या आत जाऊ शकते. मुरमांसाठी विनाचिठ्ठी मिळणाऱ्या फेसवॉश आणि मलमात ते अर्धा ते दोन टक्के असते आणि तेवढे पुरते. फेसवॉश तर लावून धुऊन टाकायचा असतो, म्हणून नवख्या मुलीने सुरुवात तिथूनच करावी. तो स्वस्तही पडतो.

कोरड्या, खरखरीत कातडीला लॅक्टिक आम्ल मानवते, कारण ते ओलावाही धरून ठेवते. ग्लायकोलिकचे रेणू सगळ्यांत लहान. ते लवकर आत शिरते, लवकर परिणाम दाखवते आणि लवकर त्रासही देते. नेमकी हीच बाटली मोबाईलवर सगळ्यात जास्त मिरवते.

टक्केवारीकडे पाहायला शिकले पाहिजे. सौंदर्यप्रसाधनांतील घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली असा निष्कर्ष काढला की घरी वापरायच्या वस्तूत ग्लायकोलिक-लॅक्टिक आम्ल दहा टक्क्यांपर्यंत असावे आणि तिचा सामू साडेतीनपेक्षा खाली नसावा. सामू म्हणजे ज्याला बाटलीवर 'पीएच' लिहितात तो. आकडा जितका खाली, तितकी आंबट-जहालता जास्त. त्याच मंडळाने पार्लरसाठी मर्यादा घातली ती तीस टक्के, सामू तीनपेक्षा कमी नाही, शिकलेल्या माणसाच्या हातून, थोडा वेळ लावून लगेच धुण्याच्या अटीवर. आता आपल्याकडे कॉलेजातल्या मुली तीस टक्क्यांची लाल रंगाची 'पीलिंग' बाटली मागवून घरीच तोंडाला लावतात. जे पार्लरमध्येही जपून करायचे, ते घरी आरशासमोर चालले आहे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा जहाल पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, असा इशारा लोकांना दिला. त्यांना लोकांच्या तोंडावर भाजल्याच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या.

आपली कातडी आणि ऊन

सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचातज्ज्ञाने १९७५ साली कातडीची उन्हाला मिळणारी प्रतिक्रिया पाहून तिचे प्रकार पाडायला सुरुवात केली. पुढे त्याचे सहा प्रकार झाले. पहिला प्रकार फटफटीत गोऱ्यांचा, उन्हात लाल होणारा. सहावा गर्द काळ्यांचा. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात येतो. आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते. हा दोष नाही, उन्हापासून राखण करणारी ती आपली छत्री आहे. पण या कातडीची एक खोड आहे. तिला कुठेही इजा झाली, चटका बसला, सूज आली, की ती जागा बरी होताना काळी पडते. मुरूम फोडला की काळा डाग राहतो तो त्यामुळेच. गोऱ्या बाईने आम्ल जास्त लावले तर ती लाल होईल, सोलपटेल आणि आठ-दहा दिवसांत विसरून जाईल. आपल्या मुलीने तेच केले तर लाली जाईल आणि मागे काळा चट्टा राहील. तो महिनोन् महिने राहतो. जे घालवायला आम्ल लावले तेच आम्लाने दिले, असा उलटा न्याय होतो.

त्यात ऊन. आम्लाने वरचा थर पातळ झाला की उन्हाचा मारा जास्त लागतो. दहा टक्के ग्लायकोलिक आम्ल चार आठवडे लावलेल्यांवर अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा उन्हातल्या किरणांनी कातडी लाल होण्याचे प्रमाण अठरा टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि पेशींना होणारी इजा सरासरी दुप्पट झाली होती. लावणे थांबवून आठवडा झाल्यावर कातडी पूर्ववत झाली. यामुळेच २००५ साली तिथल्या प्रशासनाने कंपन्यांना सांगितले की वापरताना आणि नंतरचा आठवडाभर ऊन टाळा, अशी सूचना बाटलीवर छापा.

आता ही सूचना कोणासाठी लिहिली आहे? जी बाई वातानुकूलित कचेरीत बसते, तिच्यासाठी. आपल्या भगिनी भाजीची पाटी घेऊन फुटपाथवर बसतात, पहाटेपासून रस्ते झाडतात, बांधकामावर घमेली वाहतात, आशा सेविका म्हणून दुपारच्या उन्हात घरोघर फिरतात. त्यांना आठवडाभर ऊन टाळा म्हणणे म्हणजे आठवडाभर चूल बंद ठेवा म्हणण्यासारखे आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की जिचे काम दिवसभर उन्हात आहे, तिने रात्रभर लावून ठेवायची ग्लायकोलिकची बाटली घेऊच नये. तेच पैसे चांगल्या सनस्क्रीनला, रुंद काठाच्या टोपीला, सुती स्कार्फला घालावेत. चेहऱ्यावरचा बराच काळपटपणा उन्हाचा असतो आणि ऊन अडवले की तो हळूहळू ओसरतो. मुरूम असतील तर सॅलिसिलिकचा फेसवॉश पुरे.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त पाहावा. चिमूटभर लावून भागत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, एवढे चेहरा आणि मानेला लागते. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. हे परवडत नसेल तर छत्री आणि ओढणी. त्यात लाज कसली?

लावायचेच असेल तर

ज्या मुली शाळा-कॉलेजात, कचेरीत जातात, ज्यांचे ऊन कमी आहे आणि ज्यांना खरेच मुरूम, डाग वा खरखरीतपणाचा त्रास आहे, त्यांनी लावायला हरकत नाही. पण रीत पाळावी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. काही झाले नाही तरच चेहऱ्यावर यावे. रात्री, तोंड साध्या साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे झाल्यावर लावावे. ओल्या कातडीत आम्ल जास्त शिरते. वाटाण्याएवढे थेंब सगळ्या चेहऱ्याला पुरतात. डोळ्यांभोवती, नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात लावू नये. वरून साधे मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन.

आठवड्यातून दोनच रात्री. महिनाभर हेच. आमच्याकडे विचारणा करणाऱ्या मुलींची एकच तक्रार असते, की आठ दिवस लावले, काही फरक नाही, म्हणून रोज लावू लागले. अहो, कातडीचा फेराच चार आठवड्यांचा, मग आठ दिवसांत फरक दिसेल कुठून? मुरमांना सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. घाईने रोज लावून तोंड जाळून घेणाऱ्या मुलीच जास्त.

लावताना मिनिटभर किंचित चुणचुण होते, ती चालते. आग होऊ लागली, लाली दुसऱ्या दिवशीही राहिली, कातडी ताणल्यासारखी वाटू लागली, साधे पाणी लागले तरी झोंबू लागले, तर गार पाण्याने धुवावे, साधे व्हॅसलिन लावावे आणि ती बाटली बाजूला ठेवावी. पुन्हा 'सवय होईल' म्हणून लावू नये.

ज्या दिवशी थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच केले, त्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर आम्ल नको. त्याच रात्री स्क्रब नको. डॉक्टरांनी मुरमांसाठी रेटिनॉइड मलम दिले असेल तर त्या रात्री आम्ल लावू नये. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आम्लाला हातच लावू नये. उकवत, इसब, जखम असलेल्या जागी लावू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी सॅलिसिलिक टाळावे. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

"मग आपले घरचे लिंबूच बरे," असे अनेक मावश्या म्हणतील. तर मावशी, लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. वर सांगितलेल्या साडेतीनच्या मर्यादेपेक्षा तो कितीतरी जहाल. शिवाय लिंबाच्या जातीतल्या फळांत अशी द्रव्ये असतात की त्यांचा रस अंगाला लागून ऊन पडले तर फोड येतात आणि काळे डाग उमटतात. लिंबू-सोडा, लिंबू-मीठ हे चेहऱ्याचे औषध नव्हे. दही मात्र बिनधास्त लावावे. त्यात लॅक्टिक आम्ल एक टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे फायदा थोडा आणि धोकाही थोडा. उरलेले खाऊन टाकावे, हा त्याचा खरा फायदा.

पार्लरमधले 'पील'

आमच्या माहितीतील एक मुलगी. बी.कॉम. झालेली, लग्न ठरलेले. हळदीला पंधरा दिवस उरले असताना घराजवळच्या एका पार्लरमध्ये 'ब्रायडल पील' म्हणून तिच्या तोंडाला काहीतरी लावले. किती टक्क्यांचे, कोणते, हे तिने विचारले नाही आणि तिला कोणी सांगितले नाही. आग होते आहे म्हणाली, तर "थोडे सहन कर, रंग उघडतो" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि दोन्ही गालांवर खपली धरली. खपली गेली आणि तिथे कॉफीच्या रंगाचे चट्टे राहिले. लग्न ठरल्या तारखेला झाले. चट्टे पुसट व्हायला पुढे वर्ष गेले, तेही सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात खेपा घालून. तिच्या आईने पार्लरला दिलेली चार आकडी रक्कम भिशीची होती.

डॉक्टरांच्या हातचे पील वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. मुरमांचे व्रण, वांगाचे डाग यांवर त्वचातज्ज्ञ ते देतात आणि गुणही येतो. पण ते कातडी पाहून आम्ल निवडतात, दोन-तीन आठवडे आधीपासून कातडी तयार करतात, घड्याळ लावून मिनिटे मोजतात. ग्लायकोलिकचे पील ठरल्या वेळी उदासीन करावे लागते, म्हणजे सोड्यासारख्या अल्काच्या पाण्याने त्याचा जोर मारावा लागतो. सत्तर टक्क्यांचे ग्लायकोलिक वेळेवर थांबवले नाही तर ते भाजते. मग त्यात आणि मोरीच्या बाटलीत फार फरक उरत नाही आणि आईची भीती खरी ठरते.

म्हणून पार्लरमध्ये बसण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. आम्ल कोणते, किती टक्के, किती मिनिटे ठेवणार, थांबवणार कशाने. उत्तर आले नाही तर उठून यावे. पैसे आगाऊ भरले असले तरी उठून यावे. आणि लग्नाआधीच्या महिन्यात कोणताही नवा प्रयोग चेहऱ्यावर करू नये, डॉक्टरकडेसुद्धा.

रंगाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आम्ल मेलेली कातडी काढते. उन्हाने चढलेला काळपटपणा, मुरमांचे डाग काही अंशी कमी करते. जन्मतः मिळालेला रंग ते बदलत नाही, बदलू शकत नाही. तो रंग खालच्या जिवंत थरात तयार होतो आणि रोज नव्याने तयार होतो. 'गोरे करणारे ॲसिड' म्हणून जे विकले जाते ते एक तर फसवणूक असते किंवा त्यात दुसरेच काहीतरी मिसळलेले असते.

ते दुसरे म्हणजे बहुधा स्टिरॉइड. सुरुवातीला जादू वाटते. मुरूम बसतात, चेहरा उजळ दिसतो. दोन-चार महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक पुटकुळ्या उठतात, गालांवर लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. व्यसनासारखेच ते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ती सहज मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल असे नाव दिसले तर ते चेहऱ्याचे क्रीम नव्हे, हे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. याहून घातक म्हणजे पारा. कंपनीचे नाव-गाव नसलेल्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये तो सापडला आहे. २०२३ च्या सुरुवातीला विदर्भातील एका कुटुंबातील बायकांची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी सर्वत्र छापून आली होती.

गोरेपणाचे क्रीम आपल्या देशात १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' या नावाने आले आणि घराघरांत गेले. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदलले. आपल्या घरात काय बदलले? आमच्यासारख्या साप्ताहिकांतील बौद्ध वधू-वर सूचक सदरे काढून पाहावीत. मुलगी पदवीधर हवी, नोकरीवाली हवी, बौद्ध पद्धतीने साधा विवाह मान्य हवा आणि शेवटी हळूच, गोरी हवी. 'वर्ण' या शब्दाचा अर्थच रंग. चातुर्वर्ण्य नाकारणाऱ्या घरात सून मात्र वर्णावरून पारखली जाते, याची कोणाला बोच लागत नाही. परिचय मेळाव्यात व्यासपीठावरून हुंड्याविरुद्ध भाषणे होतात, ती व्हावीतच. पण तिसऱ्या रांगेत बसलेली सावळी मुलगी कोणत्या बाटलीवर किती पैसे घालवून तिथे आली आहे, हे कोणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत. कातडी-नाकावरून माणसाची जात ठरवणाऱ्यांना ते शास्त्रीय उत्तर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या माता-भगिनींना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जात ओळखू येणारे दागिने टाकायला सांगितले. ती अंगावर लादलेली चिन्हे होती, काढता येणारी. कातडीचा रंग हे तसले चिन्ह नव्हे. तो काढायला निघालेली मुलगी स्वतःचेच कातडे काढते.

पायाकडे पाहा

चेहऱ्याबद्दल इतके बोललो. खरे सांगायचे तर आपल्या कष्टकरी घरात या आम्लांचा सर्वांत जास्त उपयोग चेहऱ्याला नाही, पायाला आहे. आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात नफा थोडा.

टाचांना भेगा पडून रक्त येते, रात्री गोधडी लागली तरी कळ येते, हे अनेक घरांतले दुखणे आहे. सहा टक्के सॅलिसिलिक आम्लाचे साधे मलम किंवा युरिया आणि लॅक्टिक आम्ल असलेले क्रीम त्यावर चांगले चालते. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, पुसून, घट्ट झालेल्या कातडीवर मलम लावावे आणि मोजे घालून झोपावे. खोल, रक्त येणारी भेग असेल तर आधी नुसते व्हॅसलिन लावून ती मिटू द्यावी, मग आम्ल. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

तळव्याला कुरूप झाले तर औषधाच्या दुकानात गोल पट्टी मिळते. त्या पट्टीत चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. पट्टी कुरुपाच्या मापाची कापावी, भोवतालच्या चांगल्या कातडीवर येऊ देऊ नये. चामखिळीवर लावायच्या औषधात सॅलिसिलिक आणि लॅक्टिक दोन्ही १६.७ टक्के असतात. तेही बाजूला व्हॅसलिन लावून नेमके चामखिळीवरच टेकवावे, आणि चेहऱ्यावरच्या चामखिळीला तर मुळीच नाही.

गजकर्णासाठी सरकारी दवाखान्यात पूर्वी सर्रास मिळायचे ते पांढरे मलम जुन्या लोकांना आठवत असेल. इंग्लंडचे त्वचातज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांच्या नावाचे ते मलम. त्यात सहा टक्के बेंझोइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. झोंबते, चिकटते, पण काम करते. चेहऱ्यावर आणि जांघेत मात्र ते लावू नये. आता त्याऐवजी दुकानदार जी मिश्र ट्यूब हातात ठेवतो, तिच्यात बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण मात्र पसरत जाते आणि साध्या औषधाला दाद देईनासे होते. सॅलिसिलिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमेही बाजारात आहेत. म्हणून ट्यूबवर नुसते 'सॅलिसिलिक' वाचून थांबू नये, त्याच्या पुढचे नावही वाचावे. लहान मुलांच्या अंगभर तर सॅलिसिलिकचे मलम कधीच चोपडू नये. ते कातडीतून रक्तात जाते आणि त्याची बाधा होते.

एक गोष्ट घरातल्या थोरल्यांसाठी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी कुरुपाची पट्टी, भेगांचे आम्लाचे मलम स्वतःहून लावू नये. साखरेमुळे पायाची संवेदना कमी झालेली असते. आम्लाने कातडी भाजली तरी कळत नाही, जखम होते, चिघळते आणि बोट काढायची वेळ येते. त्यांनी नुसते खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे, रोज रात्री तळवे दुसऱ्याला दाखवावेत आणि कुरूप डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे.

चेहऱ्याला किंवा पायाला काही अपाय झालाच, तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. मुंबईत केईएम, शीव, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो. केसपेपर सकाळी लवकर काढावा. जाताना तोंडाला लावलेली बाटली, ट्यूब, असेल तर तिचा खोका आणि पार्लरची पावती सोबत न्यावी. लाजेने घरी लपवून ठेवू नये. काय लावले होते ते समजल्यावरच डॉक्टरांना पुढचे औषध ठरवता येते.